आप्पांची मान आणि उजवा तळवा

माझ्याकडं येणारा माणूस पाय पुढं करायचा आणि मी त्याची मान बघायचे. यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली आहे. दौंडच्या दवाखान्यात चपला करून देणारे शंकरमामा तर नव्या पेशंटला बाहेरच सांगून ठेवायचे, "बाई आधी मानंकडं बघत्याल. घाबरू नका, त्यांला तुमचा पायच बघायचा असतोय."

मी फिजिओथेरपिस्ट. शिरूरला एका धर्मादाय दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली. दर गुरुवारी एसटीनं न्हावरा, चौफुला करत दौंडला जायचे. तिथं दवाखान्याची छोटी शाखा होती आणि त्या दिवशी फक्त पायांचे पेशंट असायचे. पहिली काही वर्षं लोक मला मालिशवाली बाई म्हणायचे. मग व्यायामाच्या बाई झाले. निवृत्तीच्या सुमारास कुठं साळवे मॅडम म्हणायला लागले, आणि तोवर जायची वेळ आली.

चर्चच्या नाताळ अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, "मानेवर आणि तळव्यांवर लिहिलं तर चालेल का?" निरोप आणणाऱ्यानं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. पण मला दुसरं काही फारसं येत नाही. म्हणून आधी थोडं समजावून सांगते.

हे वाचताना जमलं तर अनवाणी उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या, समोर बघा. टाचांना जमीन लागते आहे, चवड्यांनाही लागते आहे. आता फक्त हनुवटी पुढं काढा, पलीकडच्याचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखी. बाकी काही हलवू नका. क्षणभरात पायाची बोटं जमीन धरायला लागतील. टाच हलकी होईल, पोटरी ताठ होईल. आपलं डोकं चार-पाच किलोचं, म्हणजे बऱ्यापैकी कलिंगडाएवढं असतं. कलिंगड छातीशी धरून दोन मैल चालता येतं. हात लांब करून धरलं तर अंगणही ओलांडवत नाही. मान पुढं गेली की शरीर तेच लांब धरलेलं कलिंगड सांभाळत असतं. त्यासाठी पाठ वाकते, गुडघे जुळवून घेतात आणि शेवटी सगळा हिशेब चवड्यावर येतो.

धडधाकट माणसाचं यानं फार बिघडत नाही. पाय दुखला की तो भार बदलतो. पण जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना जाते. दुखणं हा पायाचा राखणदार असतो, तोच गेलेला असतो. मग एकाच जागी रोज भार पडतो, कातडी जाड होते, आतून फुटते, आणि माणसाला रक्ताचा डाग चपलेवर दिसतो तेव्हा कळतं.

हा भार बघायला माझ्याकडं एक रबरी चटई होती, वहीच्या दोन पानांएवढी. तिच्या खालच्या बाजूला बारीक रेघा आणि त्यांवर शाई. खाली कोरा कागद ठेवायचा आणि माणसानं वरच्या कोरड्या बाजूवर पाय द्यायचा. जिथं भार जास्त तिथं कागद काळाकुट्ट, जिथं कमी तिथं फिकट. आता मोठ्या शहरांत हे संगणकावर रंगीत दिसतं म्हणे. माझी सगळी नोकरी त्या चटईवर झाली.

मानेचा हा नाद मला पहिल्यापासून नव्हता. निम्म्याहून जास्त नोकरी मी पायाकडंच बघून काढली. कुरकुंभच्या एका कारखान्यातला सुपरवायझर आला होता, त्यानं पहिला धक्का दिला. हा धट्टाकट्टा माणूस जिना उतरताना मागच्या मागं पडत होता. डोक्याचा फोटो काढून झाला होता, बीपी तपासून झालं होतं. घरचे म्हणत होते, पितो. तो बिचारा शपथा घेत होता. मी कागदावर ठसा घेतला तर सगळा भार टाचांवर. मी वर बघितलं तर साहेब नवीन चष्म्याच्या खालच्या भिंगातून माझ्याकडं बघायला हनुवटी छताकडं करून उभे! वाचायचा आणि लांबचा असा एकत्र चष्मा त्यानं नुकताच केला होता. जवळचं बघायला डोकं मागं टाकायची सवय त्याला जडली होती; तसाच तो जिना उतरायचा, आणि पायऱ्या खालच्या भिंगातून धूसर दिसायच्या. जिन्यासाठी साधा लांबचा चष्मा वेगळा करून घे, एवढंच मी सांगितलं. पडणं थांबलं. कारखान्यात त्यानं माझं इतकं कौतुक केलं की पुढचे दोन महिने कुरकुंभहून लोक चष्मे घेऊन माझ्याकडं यायचे.

तो धक्का मी हसण्यावारी नेला, ही माझी चूक. कारण त्यानंतर वर्षभरानं खुटबावच्या तान्हाबाई आल्या. सावळ्या, बुटक्या, अतिशय शांत. डाव्या चवड्याखाली जखम. त्या दवाखान्यात आल्या की जमिनीकडं बघत यायच्या, बोलतानाही खालीच बघायच्या. मला वाटायचं, बाई लाजाळू आहे. मी पट्टी बघितली, शंकरमामांकडून मऊ रबराच्या चपला करून घेतल्या, कमी चाला म्हणून सांगितलं. जखम भरायची आणि महिना-दीड महिन्यानं पुन्हा फुटायची. शेवटी हाडापर्यंत गेली, आणि पुण्याला त्यांच्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागला.

ऑपरेशननंतर त्या कुबड्या घेऊन आल्या. मी पट्टी सोडायला खाली वाकले. त्यांनीच माझ्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत, पहिल्यांदाच.

"आता खाली बघायला काय उरलं न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पायाला भुई कळत नव्हती, म्हनून डोळ्यानं शोधत होते."

बाई लाजाळू नव्हती. तळव्याला जमीन लागेना म्हणून ती प्रत्येक पाऊल डोळ्यांनी टाकत होती. त्यासाठी मान खाली, मान खाली म्हणून भार चवड्यावर, आणि चवड्यावर जखम. हातात एक काठी दिली असती, वर बघून चालायला शिकवलं असतं, तर पाय वाचला असता का? ठामपणे सांगता येत नाही. साखरही खूप होती. पण मी प्रयत्न केला नाही, हे मात्र ठामपणे सांगता येतं. मानेकडं बघायला मी त्या दिवसापासून लागले.

आता आप्पांची गोष्ट. त्यांचं खरं नाव सांगत नाही, ते अजून आहेत आणि त्यांना चेष्टा चालत नाही. वरवंडच्या बाजूचे बागायतदार, सत्तरीचे, उंच, पांढरंशुभ्र धोतर आणि इस्त्रीची टोपी. गावच्या सोसायटीचे वीस वर्षं चेअरमन. ते दवाखान्यात आले की बाकावरचे चार जण उठून उभे राहायचे. बरोबर कायम त्यांची बायको, जिजाकाकू. आप्पांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागं.

आप्पांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, रुपयाएवढी जखम होती. दोनदा भरून तिसऱ्यांदा फुटलेली. शिवाय गेल्या काही महिन्यांत ते दोन वेळा पडले होते. आमच्या सर्जननं तपासून सांगितलं, "सहा आठवडे बघू. नाहीच भरली तर अंगठा आणि त्यामागचं हाड काढावं लागेल." मग आप्पांना माझ्याकडं पाठवलं.

मी सगळं रीतसर तपासलं. घोटा छान वळत होता. पोटरी आखडलेली नव्हती. चप्पल शंकरमामांची होती, त्यात खोट काढायची माझी हिंमत नव्हती. साखर काकूंनी धाकात ठेवली होती. जखमेवर पट्टी ठेवूनच चटईवर उभं केलं. कागद काढला तर उजव्या चवड्याखाली जणू शाईची दौत सांडलेली, आणि टाच इतकी फिकट की आप्पा तिच्यावर उभे होते की नाही अशी शंका यावी.

मी समोर बसले आणि मानेकडं बघितलं. मी बोलत होते तोवर आप्पांची मान पुढं आलेली, डोकं जरासं डावीकडं वळवून उजवा कान माझ्याकडं, आणि उजवा पाय अर्धी वीत पुढं. आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखे उभे होते. मला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून तोंडाला मास्क होता.

नवा कागद घालायला मी त्यांच्या पाठीमागं गेले आणि म्हटलं, "आप्पा, हात खाली सोडा."

ते तसेच कमरेवर हात ठेवून उभे. मी पुन्हा म्हटलं. काहीच नाही. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या बाहीला हळूच हात लावला, आप्पांनी वळून त्यांच्याकडं बघितलं, आणि काकूंनी स्वतःचे हात खाली सोडून दाखवले. आप्पांनी लगेच सोडले.

"दमलेत जरा," काकू मला म्हणाल्या. "सकाळधरनं उपाशी हाईत."

मी पुढं येऊन मास्कमधूनच विचारलं, "आप्पा, नाष्टा झाला का?"

"व्हय तर," आप्पा रुबाबात म्हणाले. "जीपनंच आलो."

काकूंनी मान खाली घातली. मी मास्क काढून खुर्चीवर ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आप्पांची नजर माझ्या ओठांवर होती. "न्हाई, अजून व्हायचाय," ते म्हणाले, आणि त्यांची मान दोन बोटं मागं गेली.

मला जे कळायचं ते कळलं, आणि कळल्याचा आनंद इतका झाला की मी मूर्खासारखी बोलून गेले. "आप्पा, तुमच्या पायाचं दुखणं कानात आहे. तुम्हाला कमी ऐकू येतं. ऐकायला तुम्ही मान पुढं काढता, आणि उजवा कान पुढं करायला उजव्या पायावर येता." हे सगळं मी मोठ्यानं, दार उघडं असताना बोलले. बाहेर बाकावर त्यांच्याच गावचे दोघं बसलेले होते.

आप्पा तांबडेलाल झाले. "मला बहिरा म्हनता? वीस वर्सं चेअरमन हाय मी. पाचशे सभासदांचं ऐकून घेतोय. पायाचं बघायला आलो तर कान काढताय व्हय?" त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. काकू दारात थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्यामागं गेल्या.

शंकरमामांनी शिलाई थांबवून मला विचारलं, "मॅडम, पेशंटची अब्रू मानंत असती का पायात?" सहा आठवड्यांतला एक असा गेला.

पुढच्या गुरुवारी काकू एकट्याच आल्या. जखमेच्या पट्ट्या न्यायला आले म्हणाल्या. पट्ट्या पिशवीत टाकून झाल्या तरी उठेनात. मी दार लावून घेतलं, मग बोलल्या.

"धा-बारा वर्सं झाली मॅडम. आदी डावा गेला, मग उजवाबी कमी झाला. घरी मानसं आली की मी चहा घेऊन बाहेर येते आन् तिथंच थांबते. कोन काय बोललं ते यांच्या ध्यानात न्हाई आलं तर बाहीला हात लावते. एकदा लावला की व्हय म्हनायचं, दोनदा लावला की बगू म्हनायचं. मानसं गेली की सगळं नीट सांगते. आमी दोघं मिळून ऐकतो."

"आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये?"

"तितं मी कशी जानार? तितं ते तोंडाकडं बगून वळखतात. लई ताण पडतो त्यांला. घरी आले की मान धरून बसतात." पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पाय वाचवा मॅडम. पर गावात त्यांचं हसं होऊ देऊ नका. बहिरा चेअरमन म्हनून विरोधी पार्टी उचलून धरंल."

मी त्यांना शब्द दिला. हसं करायला सुरुवात मीच केली होती, ते निस्तरणं भाग होतं.

रविवारी चर्चची उपासना आटोपली आणि मी चटई, कोरे कागद आणि शाईची बाटली पिशवीत घालून शिरूरहून वरवंडला गेले. आप्पा ओसरीत एकटेच पेपर वाचत होते. मला बघून उठले नाहीत, पण काकूंना खुर्ची आणायला सांगितली. मी समोर बसले, चेहरा उजेडात ठेवला आणि सावकाश बोलले.

"आप्पा, त्या दिवशी मी चारचौघांत बोलायला नको होतं. माझं चुकलं."

त्यांनी पेपरची घडी घातली.

"आज काही बोलत नाही. दोन ठसे घेते, ते तुम्हीच बघा. पटलं नाही तर पुन्हा येणार नाही."

पहिला ठसा घेताना मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तोंडासमोर कागद धरून त्यांच्याशी पाऊसपाणी, ऊस असं काहीबाही बोलत राहिले. दुसऱ्या वेळी काकूंना त्यांच्या उजव्या कानाशी उभं केलं आणि काहीही बोला म्हटलं. काकू लाजल्या, मग गाईचं काही तरी सांगायला लागल्या. आप्पांची मान हळूहळू मागं आली, खांदे सैल पडले.

दोन्ही कागद मी त्यांच्या मांडीवर ठेवले. पहिल्यावर चवडा काळा. दुसऱ्यावर तो करडा आणि टाच नीट उमटलेली, गोल. आयुष्यभर सातबारे आणि ठराव वाचलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद खिडकीशी नेऊन बघितले. एकदा उलटेही करून बघितले.

"दोन्ही माझंच?"

"दोन्ही तुमचेच. पाच मिनिटांच्या अंतरानं."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "आमच्या सोसायटीत अंगठे उठवून घेतात. तुमी आख्खा पाय उठवून घेतला." आणि टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवत म्हणाले, "काय करायचं सांगा."

पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडं जायचं ठरलं. पडण्याचं दुसरं काही कारण नाही ना, हेही तिथंच बघून झालं. दोन्ही कानांचं यंत्र मिळालं. दरम्यान मी मानेचे व्यायाम दिले. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घ्यायची वगैरे. आप्पांना ते काही केल्या जमेना. मान मागं घ्या म्हटलं की ते छाती पुढं काढायचे. शेवटी मी काकूंना म्हटलं, "चुंबळ आहे का घरात?"

डोक्यावर घागर घेताना बायका कापडाची गोल चुंबळ ठेवतात ती. तिच्यावर पाण्यानं निम्मा भरलेला तांब्या ठेवायचा आणि भिंतीजवळून, काकू शेजारी असताना, वीस पावलं चालायचं. पट्टी आणि शंकरमामांची चप्पल घालूनच. डोक्यावर तांब्या असला की मान पुढं काढताच येत नाही, पाणी लगेच सांगतं.

"म्या?" आप्पा म्हणाले. "म्या चुंबळ घेऊ?"

"अंगठा ठेवायचाय ना?"

आप्पा चुंबळ घ्यायचे, पण गोठ्यामागं, आणि काकूंनी रस्त्याकडं लक्ष ठेवायचं या अटीवर. पहिल्या दिवशी तांब्या चार वेळा पडला. काकू पदर तोंडावर घेऊन इतक्या हसल्या की आप्पा म्हणाले, "पन्नास वर्सं तू घेतीस त्येला कुनी हसलं का?" काकू हसायच्या थांबल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनी बगितलंबी न्हाई." आप्पांनी तांब्या उचलून पुन्हा भरला.

यंत्राची तऱ्हा वेगळीच झाली. पहिले आठ दिवस ते खिशातच राहिलं. मग काकूंनी जेवण वाढणं बंद केलं, असं त्यांनीच मला सांगितलं. यंत्र कानात घातल्यावर आप्पांची पहिली तक्रार, "घरात येवढा कालवा असतो?" पंखा वाजतोय, भांडी वाजतायत, चिमण्या ओरडतायत. दुसरी तक्रार मात्र माझ्या कामाची होती. ओसरीत चालताना थांबले आणि म्हणाले, "माझी डावी चप्पल घासती. कवापासून घासती ही?" माझी सगळी नोकरी लोकांना स्वतःचं चालणं दाखवण्यात गेली. आप्पांना ते त्या दिवशी आपोआप ऐकू आलं. त्यानंतर ते पाऊल उचलून टाकायला लागले, कुणी न सांगता.

सहावा आठवडा आला तेव्हा सर्जननं पट्टी काढली. जखम बंद झाली नव्हती, पण मुगाच्या दाण्याएवढी उरली होती. "थांबू या," ते म्हणाले. आणखी तीन आठवड्यांनी ती भरली. ती पुन्हा उघडली नाही, मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही.

हे मानेमुळं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. शंकरमामा आजही म्हणतात, "चप्पल माजी व्हती." सर्जन म्हणतात औषध. काकूंनी साखर आवरली होती, पट्टी त्या स्वतः बदलत होत्या. मानेचा वाटा किती, हे मला ठाऊक नाही. पण माझ्याकडं त्या दोन महिन्यांचे नऊ ठसे आहेत, आणि पहिल्यापासून नवव्यापर्यंत तो काळा डाग फिकट होत गेलेला कुणालाही दिसेल. ते ठसे हातात घेतले की मला आप्पांइतकीच तान्हाबाईंची आठवण येते. त्यांचा एकच ठसा माझ्याकडं आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोसायटीची वार्षिक सभा होती. आप्पांनी मला मधुमेहात पायाची काळजी कशी घ्यावी यावर बोलायला बोलावलं. शाळेच्या पटांगणात मांडव होता. मी दहा मिनिटं बोलले, कुणी फारसं ऐकलं नाही, कारण नंतर निवडणुकीचा विषय होता. बोलून झाल्यावर मी खाली येऊन बायकांच्या दुसऱ्या ओळीत जिजाकाकूंच्या शेजारी बसले. काकूंचा हात सारखा पदराशी चाळा करत होता. आप्पा स्टेजवर एकटे होते आणि त्यांच्या बाहीला हात लावायला कुणी नव्हतं.

आप्पा उभे राहिले. कानांवर ओढलेली टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. दोन्ही कानांतली यंत्रं उघडी पडली. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"बगा नीट," आप्पा माइकमध्ये म्हणाले. मान सरळ, दोन्ही पाय शेजारी. "मला ऐकू येत न्हाई. आज न्हाई, धा-बारा वर्सं. तुमच्यातल्या काहींनी हळू बोलून माझ्याकडनं व्हय म्हनून घेतलंय, ते मला समजत न्हाई असं नव्हं. आता मशीन हाय. हितनं पुढं जपून बोलायचं."

सगळा मांडव हसला. विरोधी बाजूचे हसले, आप्पांच्या बाजूचे जास्तच हसले.

आप्पांनी हसणं ओसरू दिलं. "मी यंदा उभा न्हाई. पर महिला राखीव जागंसाठी एक नाव सुचवतो. सभासद हाय, तिच्या नावावर जमीन हाय. माझ्या घरी येऊन तुमी जे जे बोलला, ते धा वर्सं तिनंच ऐकलंय. मी निसती मान हलवत होतो." आणि त्यांनी काकूंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट.

सगळ्या बायका वळून काकूंकडं बघायला लागल्या. काकू थिजून बसल्या होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याशेजारी, मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "बया, ह्ये काय बोलून बसले!"

"खरं तेच बोललो," आप्पा स्टेजवरून, माइकमध्ये म्हणाले.

मांडव पुन्हा हसला. लोक म्हणाले, मशीन भारी आहे. मीही टाळ्या वाजवल्या आणि गप्प बसले. कुठलंही यंत्र एवढ्या गोंगाटात, तेवढ्या अंतरावरची कुजबुज पकडत नाही. आप्पांनी काकूंचे ओठ वाचले होते, आणि त्यासाठी त्यांना मान पुढं काढावी लागली नव्हती.